टॅग गप्प का बसतो? पॅसिव्ह आरएफआयडी आणि एकाहून अधिक अँटेना

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे, म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर मी होतो. पुस्तकांना टॅग लावलेले, वर्षअखेरीची मोजणी हातातल्या रीडरने झाली आणि यंत्राने यादी दिली, 37 पुस्तकं गहाळ! आता ही भरपाई कुणाच्या पगारातून? तर तिथल्या मामांच्या. मामा निवृत्तीला आलेले. मी म्हटलं, थांबा. यंत्राला उत्तर आलं नाही, एवढंच आपल्याला कळलंय. पुस्तक तिथे नाही, हे अजून कळलेलं नाही.

मीमांसकांनी ‘अनुपलब्धि’ हे प्रमाण मानलं, पण त्याला अट घातली. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर घडा नाही असं म्हणता येत नाही. आजचं सगळं व्याख्यान या अटीबद्दल आहे असं समजा. रीडरने खोलीत पुरेसा उजेड पाडला होता का?

पॅसिव्ह टॅगमध्ये बॅटरी नसते. तुमच्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग बघा, तो याच जातीचा. रीडर लहरी सोडतो, त्यांच्यातल्याच ऊर्जेवर टॅगमधली चिप जागी होते आणि लहर कमीजास्त परतवून आपला क्रमांक सांगते. परतवलेल्या लहरींवर संदेश पाठवायची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी 1948 सालीच मांडली होती. आपल्याकडे यासाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये परवान्याविना खुला झाला. तरंगलांबी साधारण 35 सेंटीमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हिशोब. अँटेनाने एका दिशेला एकवटून 4 वॅटइतका परिणाम साधला, तर मोकळ्या जागेत 10 मीटरवरच्या साध्या टॅगला किती मिळतं? सुमारे 30 मायक्रोवॅट. चिपला जागं व्हायला साधारण 10 लागतात असं धरू. म्हणजे तिप्पट आहे, भागलं की! पण खोली मोकळी नसते. भिंती, कपाटं, माणसं यांच्यावर आपटून लहरी वेगवेगळ्या वाटांनी येतात. कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारून टाकतात. समोरासमोरच्या दोन लहरी असतील, तर दर 17-18 सेंटीमीटरवर एक मेलेली जागा तयार होते. थेट वाट नाही आणि सरासरी शक्ती तेवढीच 30, असं धरून संभाव्यतेचं गणित केलं, तर 100 टॅगांपैकी सुमारे 28 गप्प राहतात. बिघडलेला एकही नाही बरं का!

यावर पहिला उपाय अगदी घरगुती आहे. दुसरा अँटेना लावा, पहिल्यापासून अर्धा-एक मीटर लांब, आणि आळीपाळीने दोन्ही चालू करा. एकाची मेलेली जागा दुसऱ्याचीही असेल, असं सहसा होत नाही. दोन्ही स्वतंत्र मानले, तर 28 टक्क्यांचे 28 टक्के, म्हणजे 100 तले 8 गप्प. चार अँटेना लावले, तर शंभरात एकसुद्धा नाही. बाजारातल्या कितीतरी रीडरांना चार अँटेना जोडायची सोय असते, ती याचसाठी. वेळ जास्त लागतो, एवढीच किंमत. आणि एकच अँटेना हातात धरून वीतभर इकडेतिकडे हलवला, तरी तुम्ही फुकटात हेच करत असता!

इथे विद्यार्थी नेहमी एक चूक करायचे. मोबाइलमध्ये ग्रहणाचे अँटेना वाढवले की फायदा होतो, मग इथेही वाढवू. पण अडचण कुठे आहे ते बघा. परतीची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते खरी, पण रीडर बॅटरी-विजेवर चालणारा, तिखट कानाचा असतो. नॅनोवॅटचा काही अंश आला तरी त्याला ऐकू येतं. उपाशी असतो तो टॅग. जो जागाच झाला नाही, त्याचं बोलणं ऐकायला दहा कान लावून काय उपयोग? म्हणून माझ्या मते पैसा आधी पाठवण्याच्या बाजूला घालावा.

पाठवण्याच्या बाजूची मोठी युक्ती म्हणजे चार अँटेनांनी एकाच वेळी, ताल जुळवून पाठवणं. तीच एकूण शक्ती चौघांत वाटली, तर प्रत्येकाच्या लहरीची उंची निम्मी होते. पण टॅगपाशी चारही शिखरं एकत्र पोचली, तर उंची दुप्पट आणि शक्ती चौपट. मात्र दोन कटकटी आहेत. एकाच झोतात एकवटलेल्या शक्तीला कायद्याची मर्यादा असते. आणि ताल कुठल्या जागेसाठी जुळवायचा, हे टॅगने उत्तर दिल्याशिवाय कळत नाही, तो उत्तर देत नाही म्हणून तर हा खटाटोप! यातून वाट अशी काढतात की अँटेना लांब लांब ठेवून त्यांचे ताल मुद्दाम बदलत राहायचे. शिखर खोलीभर फिरतं आणि कधी ना कधी त्या टॅगवर येतं. चिपला क्षणभराची जाग पुरते.

टॅगवरच दोन अँटेना बसवता येतात, एकमेकांशी काटकोनात. मग पुस्तक आडवं असो की उभं, एक तरी अँटेना लहरीच्या दिशेला लागतो. शिवाय एकाच अँटेनाच्या टॅगमध्ये जाण्यायेण्याच्या सगळ्या वाटा सुईच्या एकाच नेढ्यातून जातात, तिथे कोंडी झाली की रीडरकडे ऐकणारे कितीही अँटेना असोत, व्यर्थ. टॅगला दुसरा अँटेना म्हणजे दुसरं नेढं. टॅग थोडा मोठा आणि महाग होतो, म्हणून दहा रुपयांच्या मालावर कुणी लावणार नाही.

अँटेनांनी सगळं सुटत नाही, हेही सांगतो. लोखंडी फळीला चिकटलेल्या टॅगपाशी विद्युतक्षेत्र जवळजवळ शून्यच असतं. तिथे टॅग आणि फळी यांच्यात थोडं अंतर सोडणं हाच उपाय. आमच्या ग्रंथालयातली कपाटं लोखंडीच होती. आम्ही पुस्तकं बोटभर पुढे ओढली, रीडर दोन बाजूंनी, हात हलवत फिरवला. 37 पैकी 31 बोलली. उरलेल्यांतली दोन बाइंडरकडे होती, चार खरोखरच गेली होती, आणि ती कुणी नेली याची नोंद मामांच्या वहीत पेन्सिलीने केलेली सापडली.