औषधाचा धोका आणि रोग्याचा अधिकार

कारखान्यात धोक्याच्या यंत्राजवळ पाटी लावलेली असते. ती कामगाराला भिवविण्याकरिता नसते. धोका कोठे व किती, हे त्याला कळावे एवढ्याकरिता असते. हाच न्याय औषधांनाही लावला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. अमेरिकेत घडलेले एक उदाहरण येथे मांडतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदूचा व मज्जारज्जूचा विकार. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण, तसे मज्जातंतूंवर स्निग्ध आवरण असते. या रोगात शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच मेंदूत शिरून ते आवरण नासवितात. मग दृष्टी मंदावते, पाय लटपटतात. कित्येकांना ऐन तारुण्यात परावलंबन येते.

नोव्हेंबर २००४ मध्ये नॅटॅलिझुमॅब हे औषध तेथे मंजूर झाले. ते दर चार आठवड्यांनी शिरेतून देतात. पांढऱ्या पेशींना रक्तातून मेंदूत शिरू द्यायचे नाही, हे त्याचे काम. एका मोठ्या चाचणीत रोगाचे झटके सुमारे दोन तृतीयांशाने कमी झाले. परंतु दरवाजा बंद केला की दंगेखोरांबरोबर पहारेकरीही बाहेर राहतात. जेसी नावाचा विषाणू निम्म्याच्या आसपास प्रौढांच्या शरीरात निमूटपणे वास करीत असतो. पहारा उठला की क्वचित तो मेंदूत माजतो आणि ते आवरण तयार करणाऱ्या पेशींचाच नाश करतो. या रोगास पीएमएल म्हणतात.

असे रोगी आढळताच फेब्रुवारी २००५ मध्ये औषधाची विक्री थांबविण्यात आली. एकंदर तीन रोगी निघाले. त्यांपैकी दोघे दगावले. एक जण आतड्याच्या विकारासाठी हे औषध घेत होता. त्याचा मृत्यू २००३ मध्येच झाला होता, पण कारण मेंदूतील गाठ असे धरले गेले होते. फेरतपासणीत खरे कारण उघडकीस आले. चुकीच्या नोंदीखाली धोका कसा झाकला जातो, हे आम्हां कामगार चळवळीतल्यांना नवे नाही.

मार्च २००६ मध्ये सरकारी सल्लागार समितीपुढे सुनावणी झाली. तेथे स्वतः रोगी उभे राहिले आणि धोका ठाऊक असूनही औषध परत द्या, असे अनेकांनी मागितले. जूनमध्ये औषधाला पुन्हा परवानगी मिळाली, पण प्रत्येक रोग्याची नोंद व त्याच्यावर देखरेख ठेवण्याच्या अटीवर.

त्या देखरेखीतून धोक्याचे माप हाती आले. रक्तात जेसीविरोधी प्रतिद्रव्ये नसतील, तर धोका दहा हजारांत एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ती असतील, पूर्वी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतलेली असतील आणि उपचाराला दोन वर्षे उलटली असतील, तर तो शंभरात एकाच्या घरात जातो. ही प्रतिद्रव्ये दाखविणारी रक्तचाचणी तेथे २०१२ मध्ये मंजूर झाली. औषधाच्या दोन मात्रांतील अंतर सहा आठवड्यांपर्यंत वाढविल्यासही धोका घटतो, असे पुढे दिसून आले.

पीएमएलवर खात्रीचे औषध अद्याप नाही. नॅटॅलिझुमॅब थांबवून पहारेकऱ्यांना परत आत येऊ द्यायचे, हाच मुख्य उपाय. आणि ते एकदम आत घुसले की मेंदूला सूज येते, हे दुसरे संकट. या औषधामुळे पीएमएल झालेल्यांपैकी चारांत सुमारे एक दगावतो. वाचलेल्यांपैकी पुष्कळांना कायमचे अपंगत्व येते. म्हणून लवकर ओळखणे महत्त्वाचे. एका अंगाची वाढती दुर्बलता, बोलण्यात अडखळ, दृष्टिदोष, स्वभावात पालट, ही लक्षणे आठवड्या-आठवड्याने वाढत जातात. मूळ रोगच बळावला, असे समजून रोगी व घरचे लोक स्वस्थ बसतात. तसे बसू नये.

असे औषध सुचविले गेले, तर रोग्याने डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : माझी रक्तचाचणी काय सांगते? पूर्वीच्या औषधांचा हिशेब धरला आहे काय? मेंदूची पुढील तपासणी केव्हा? धोका ज्याने पत्करायचा, त्याला तो मोजून सांगितलाच पाहिजे. मग होय म्हणावे की नाही, हे त्याने ठरवावे.