पनवेलचं बेथ एल आणि देवाची निवड

पनवेलमध्ये बेथ एल नावाचं सिनेगॉग आहे, १८४९ सालचं. ते बेने इस्राएली या यहुदी समाजाचं. घरची भाषा मराठी, आडनावं पनवेलकर, दिवेकर, राजपूरकर अशी गावांवरून पडलेली. कोकणात यांचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. नवस बोलायचा तो एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, आणि फेडायचा पोहे, ओलं खोबरं नि फळांच्या मलिद्यानं.

ख्रिस्ती धर्मशास्त्रातला एक अतिशय कडाक्याचा वाद शेवटी याच समाजाच्या पूर्वजांपाशी येऊन थांबतो, ही मला फार विलक्षण गोष्ट वाटते.

तारणासाठी देव माणसाला निवडतो, हे दोन्ही पक्षांना मान्य. पण कशावरून निवडतो? हा पुढे विश्वास ठेवील हे आधीच जाणून, की माणसातलं काहीही न बघता, केवळ स्वतःच्या कृपेनं? दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनाही असाच प्रश्न पडला होता. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असतं. मांजराच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. भक्त यातला कोणता? त्यावरून त्यांच्यात दोन पंथ झाले.

हॉलंडात मात्र प्रकरण शिरच्छेदापर्यंत गेलं. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली पाच कलमं मांडली: निवड विश्वासावर अवलंबून आहे. १६१८-१९ च्या डॉर्ट इथल्या धर्मसभेनं ती फेटाळली. निवड विनाअट, असा निवाडा दिला. सभा संपल्यावर काही दिवसांतच आर्मिनियसवाद्यांचा पाठीराखा, एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी ओल्डनबार्नफेल्ट याचं मुंडकं उडवलं गेलं. त्यात राजकारण होतंच. त्याचा सहकारी ह्यूगो ग्रोशियस याला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये तो पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपून किल्ल्यातून निसटला, आणि पुढे त्यानं आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया घातला.

या वादात पुन्हापुन्हा उघडलं जाणारं पान म्हणजे बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय. रिबकेच्या पोटात जुळे आहेत. अजून जन्मले नाहीत, बरंवाईट काही केलेलं नाही, तरी देव धाकट्या याकोबाला, म्हणजे इस्राएल लोकांच्या मूळपुरुषाला, निवडतो, थोरल्या एसावाला नाही. पुढे कुंभार येतो: एकाच गोळ्यातून कोणतं भांडं कशासाठी घडवायचं, हे मातीनं विचारायचं नसतं. विनाअट निवड मानणारे इथे बोट ठेवतात, आणि त्यांचं बोट हलवणं सोपं नाही.

पण पौल हे कशासाठी सांगतोय? तो स्वतः यहुदी. आपलेच लोक येशूला मानत नाहीत, मग देवानं इस्राएलला टाकलं का, हे त्याचं दुःख आहे. अकराव्या अध्यायात तो जैतुनाचं झाड दाखवतो: काही फांद्या तुटल्या, रानटी जैतुनाचं कलम बसलं, पण तुटलेल्या फांद्यांचंही पुन्हा कलम होऊ शकतं, म्हणून नव्या फांद्यांनी फुशारकी मारू नये. मला तरी यात एकेका माणसाचं नशीब शिक्कामोर्तब झाल्याचं दिसत नाही; एका समाजाला दिलेला शब्द देव मोडत नाही, हे दिसतं. अर्थात याकोब हाही एक माणूसच होता, हे कॅल्विनवाद्यांचं, म्हणजे विनाअट निवड मानणाऱ्यांचं, उत्तर उडवून लावण्यासारखं नाही.

हा वाद मुंबई-कोकणातही उतरला. १८२९ मध्ये मुंबईत आलेले जॉन विल्सन स्कॉटिश चर्चचे. विनाअट निवड त्या चर्चच्या अधिकृत विश्वासनाम्यातच लिहिलेली. त्यांनी १८३२ साली बेने इस्राएली लोकांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं! निवड आधीच ठरली असेल तर एवढा खटाटोप का? त्यांच्या परंपरेचं उत्तर असं: देव माणूस ठरवतो तसा मार्गही ठरवतो, आणि उपदेश हाच तो मार्ग. याच परंपरेतले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रचारफेरीत पटकीनं वारले. बेने इस्राएली मिशनच्या शाळांत शिकले, पण बहुतेक जण यहुदीच राहिले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे संयुक्त चर्च स्थापन झालं. त्यात कॅल्विनच्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन आले आणि आर्मिनियसच्या बाजूचे ब्रिटिश मेथडिस्टही. डॉर्टच्या निकालावर एकमत होण्याची अट कुणी घातली नाही.

हा वाद समजून घ्यायचा असेल तर रोमकरांस पत्राचे नऊ ते अकरा हे तिन्ही अध्याय एका बैठकीत वाचा. नवव्यापाशी थांबू नका.