फवारणीचें विष आणि मज्जातंतूंची वीज

आपल्या वाशीम जिल्ह्यास लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यांत सन २०१७ च्या खरिपांत कपाशीवर फवारणी करितांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले आणि वीसहून अधिक माणसें दगावलीं. पऱ्हाटी उंच वाढली असल्यामुळें विषाचे तुषार थेट तोंडावर येत होते. किडीचें औषध माणसास कां मारतें, हें समजण्यास मज्जातंतूंचें कार्य जाणून घेतलें पाहिजे.

मज्जातंतु म्हणजे तांब्याची तार नव्हे. त्याच्या पातळ पडद्याबाहेर सोडियमचे विद्युत्कण अधिक, तर आंत पोटॅशियमचे अधिक असतात. आणि आंतली बाजू बाहेरच्या मानानें सुमारें ७० सहस्रांश व्होल्ट ऋण असते. संदेश येतांच पडद्यांतील सूक्ष्म द्वारें उघडतात, सोडियम आंत शिरतो व क्षणभर आंतली बाजू धन होते. लगेच तीं द्वारें मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतो व पूर्वस्थिति येते. हा बदल शेजारचीं द्वारें उघडवितो आणि अशा रीतीनें आवेग पुढें सरकतो. कांहीं जाड तंतूंत त्याचा वेग सेकंदास १०० मीटरपर्यंत असतो. हॉजकिन व हक्सले ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं म्हाकूळ ह्या समुद्रप्राण्याच्या तंतूवर प्रयोग करून १९५२ सालीं ह्याचें गणित मांडलें. १९६३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

तंतूचें टोक व स्नायु ह्यांमध्यें बारीक फट असते. ती वीज ओलांडीत नाहीं. ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य संदेश पलीकडे नेतें. काम होतांच एक विकर त्या द्रव्याचा नाश करितें, म्हणून स्नायु पुन्हां सैल पडतो.

मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस हीं विषें नेमकें हें विकर निकामी करितात. सायपरमेथ्रिन सोडियमचीं द्वारें वेळेवर मिटूं देत नाहीं. किडीचे व आपले तंतु एकाच तत्त्वावर चालतात. संदेश थांबेनासा झाला कीं घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायु थरथरतात आणि शेवटीं श्वास कोंडतो.

म्हणून औषधें मनानें एकत्र मिसळूं नयेत, वाऱ्याकडे तोंड करून फवारूं नये, हातमोजे व तोंडास आच्छादन वापरावें. विष कातडींतूनही शरीरांत जातें. लक्षणें दिसतांच कपडे काढून अंग साबणानें धुवावें व औषधाची बाटली बरोबर घेऊन रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. ॲट्रोपिन वेळेवर मिळाल्यास जीव वांचूं शकतो. पंप ज्या मजुराच्या पाठीवर आपण देतों, त्याचे तंतु आपल्याइतकेच नाजूक आहेत, हें जमीनधारकानें विसरूं नये.