माध्यमिक शाळेतील प्रवेश आणि मुलांची आत्मप्रतिमा

गावातील जिल्हा परिषदेची शाळा सोडून पाचवीत किंवा आठवीत हायस्कूलमध्ये जाणे, हा महाराष्ट्रातील ग्रामीण मुलांच्या आयुष्यातील परिचित टप्पा आहे. दाखल्यावर त्याची नोंद होते. मुलाच्या स्वतःविषयीच्या धारणेत जे घडते, त्याची मात्र होत नाही.

या वयात आत्मविश्वास डळमळायचाच, असे सर्रास मानले जाते. रोबर्टा सिमन्स आणि डेल ब्लाइथ यांनी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात केलेला अभ्यास १९८७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तेथे काही मुले आठवीपर्यंत एकाच शाळेत राहत, तर काहींना सातवीतच मोठ्या शाळेत जावे लागे. सातवीत शाळा बदललेल्या मुलींचा आत्मसन्मान घसरला. जुन्या शाळेतच राहिलेल्या समवयस्क मुलींबाबत तसे दिसले नाही. वय तेच असल्याने सारा दोष वयाला देता येत नाही. शारीरिक बदल आणि शाळाबदल एकाच वेळी वाट्याला येणे मुलींना अधिक जड गेले, असा त्याचा अर्थ लावला गेला.

दुसरे कारण तुलनेचे आहे. समान क्षमतेची मुले हुशार सहाध्यायांच्या शाळेत स्वतःला कमी लेखतात, असे हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. नवोदय विद्यालयांचा विचार केल्यास हे स्पष्ट होते. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक अमरावती जिल्ह्यातील. सहावीचा प्रवेश निवड परीक्षेने होत असल्याने गावात पहिला येणारा मुलगा अशा वर्गात बसतो, जिथे बहुतेक जण आपापल्या गावात पहिले आलेले असतात. त्याचे ज्ञान घटलेले नसते. मोजपट्टी बदललेली असते.

जॅकलिन एकल्स व कॅरोल मिजली यांनी तिसऱ्या कारणाकडे लक्ष वेधले. मुलाला स्वातंत्र्य आणि मोठ्यांचा जिव्हाळा दोन्ही हवे असतात, नेमक्या त्याच वेळी शिस्त कडक होते आणि सर्व विषय शिकवणाऱ्या एका गुरुजींच्या जागी तासागणिक बदलणारे शिक्षक येतात.

ही घसरण कायमची असतेच असे नाही. १९९१ मधील एका अमेरिकन अभ्यासात शाळाबदलानंतर खालावलेला आत्मसन्मान त्याच वर्षात अंशतः सावरलेला आढळला. म्हणून पहिल्या सहामाहीत मुलाने उच्चारलेले ‘मला गणित जमत नाही’ हे वाक्य त्याच्या कुवतीचे निदान मानू नये. पालक व शिक्षकांनी तेच खरे मानले, तर तात्पुरती तुलना कायमची ओळख होऊन बसते.