सेवामंडळांचीं दप्तरें : लोहा व आसपासच्या प्रांतासंबंधीं कांहीं विचार

नांदेडाहून लातुरास जाणाऱ्या वाटेवर लोहा हें गांव लागतें. पूर्वीं तें कंधार तालुक्यांत मोडे. आतां तें स्वतःच तालुक्याचें ठिकाण आहे. कंधारचा किल्ला व तेथील राष्ट्रकूटकालीन शिलालेख संशोधकांस परिचित आहेत; लोह्याजवळ माळेगांवीं मार्गशीर्षांत भरणारी खंडोबाची यात्राहि सर्वश्रुत आहे. देवालयास दान देणाऱ्याचें नांव शिळेवर हजार वर्षें टिकलें. यात्रेंत पाणपोई चालविणाऱ्याचें, चुकलेलें मूल आईबापांच्या हवालीं करणाऱ्याचें नांव दुसऱ्या वर्षींच विसरलें जातें. या दुसऱ्या वर्गाच्या लोकांनीं समाजावर काय परिणाम केला हें ठरविण्यास साधनें कोणतीं, इतकाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संघटित सेवेचीं मंडळें विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालीं. इ. स. १९०५ च्या फेब्रुवारींत शिकागो येथें पॉल हॅरिस यांनीं रोटरी क्लब काढला; त्याच वर्षीं १२ जून रोजीं पुण्यास नामदार गोखले यांनीं भारत सेवक समाज स्थापिला. दोहोंचा परस्परसंबंध नाहीं, व प्रकृतीहि भिन्न. पहिल्यांत धंदा संभाळून सेवा करावयाची, दुसऱ्यांत सर्व आयुष्य वाहावयाचें. लायन्स क्लबाचा जन्म १९१७ चा. हिंदुस्थानांत तो १९५६ मध्यें आला. आज तालुक्यांच्या गांवीं नेत्रशिबिरें, रक्तदान, पोलिओचे डोस यांच्या निमित्तानें दिसणारीं मंडळें बहुधा याच पहिल्या वळणाचीं असतात.

त्यांच्या रचनेंतच दप्तराच्या नाशाचें बीज आहे. रोटरी व लायन्स यांचें वर्ष १ जुलैस सुरू होतें, आणि अध्यक्ष व चिटणीस बहुधा दरसाल बदलतात. लहान गांवीं स्वतंत्र कचेरी क्वचितच असते. चिटणिसाचें घर अथवा दुकान हीच कचेरी. म्हणजे दहा वर्षांत दप्तर दहा घरें फिरतें, व प्रत्येक घरीं त्याचा थोडा अंश राहून जातो. वतनदाराचें दप्तर एकाच वाड्यांत पिढ्यान् पिढ्या पडून राहिलें, म्हणून वाळवीच्या तोंडून तरी तें आम्हांस मिळालें. या दप्तरांस तेवढाहि आसरा नाहीं.

मराठवाड्यांत याहून जुनें आणखी एक कारण आहे. निजामी अंमलांत जाहीर सभेस सरकारची पूर्वपरवानगी लागे. ५३ क्रमांकाची गश्ती या बाबतींत कुप्रसिद्धच आहे. त्यामुळें लोकसेवेस वाचनालय, शाळा, आखाडा, गणेशोत्सव असें सोज्ज्वळ रूप घ्यावें लागलें. परभणीचें गणेश वाचनालय १९०१ मधील. हिप्परगें येथील राष्ट्रीय शाळा १९२१ मधील. या शाळेंत व्यंकटेश खेडगीकर शिक्षक म्हणून राहिले. तेच पुढें स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें हैद्राबाद स्टेट काँग्रेसचे नेते झाले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी अंमल संपला. अशा संस्थेच्या सभासदांची यादी पोलिसांच्या हातीं पडणें धोक्याचें होतें. ती जपण्यापेक्षां मुळांत न लिहिणेंच अनेकांस शहाणपणाचें वाटलें असावें, असा आमचा तर्क आहे. तेव्हां त्या काळच्या कागदांतील मौन हाहि एक पुरावाच समजला पाहिजे.

अलीकडचें उदाहरण लोह्याच्या दक्षिणेकडील किल्लारीचें. शके १९१५ ची अनंतचतुर्दशी. विसर्जनाची रात्र उलटून ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं धरणीकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती व जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. मृतांचा आंकडा कोणी आठ हजारांच्या आंत देतात, कोणी दहा हजारांच्या जवळ नेतात. ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. त्यांचे नकाशे व मंजुऱ्या सरकारी दप्तरीं आहेत. परंतु पहिल्या आठवड्यांत ढिगारे कोणी उपसले, कोणत्या गावीं धान्य पोंचलें व कोणत्या गावीं नाहीं, हें त्या नकाशांवरून कळणार नाहीं. तें स्वयंसेवकांच्या वह्यांत, गाडीभाड्याच्या पावत्यांत, मृतांच्या व जखमींच्या हातानें लिहिलेल्या गांववार याद्यांत शोधावें लागेल. आंकड्यांतील वाद मिटण्याची आशा कोठें असेल तर ती अशाच याद्यांत आहे.

भूकंपानंतरचीं दोन कामें विशेष लक्षांत घेण्यासारखीं आहेत. भारतीय जैन संघटनेनें सुमारे १२०० मुलें शिक्षणासाठीं पुण्यास नेलीं. दुसरें काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचें. पडझड झालेलीं घरें दुरुस्त व मजबूत करण्याच्या सरकारी योजनेंत तिनें खेड्यांतील स्त्रियांस ‘संवाद सहायक’ नेमलें. घरमालक व इंजिनियर यांच्या मधला दुवा त्या झाल्या. भिंत कोठें बांधून घ्यावी, मदतीचा हप्ता कां अडला, हें त्या घरोघर समजावूं लागल्या. आमच्या मतें सेवेचा खरा परिणाम वाटलेल्या ब्लँकेटांच्या संख्येपेक्षां या फेरबदलांत अधिक दिसतो. त्याचें साधन म्हणजे या स्त्रियांच्या स्वहस्तें लिहिलेल्या नोंदी. आणि त्या रद्दीत जाण्याचा संभव सर्वांत मोठा.

साधनांची पारख मात्र जुन्याच कसोटीनें करावी. मंडळाचा वार्षिक अहवाल हा बखरीच्या जातीचा. त्यांत छायाचित्रें फार व स्तुति त्याहून फार. जमाखर्चाची वही ही अस्सल पत्राच्या जातीची. राजवाडे यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड छापून अस्सल कागदाचें जें महत्त्व पटवून दिलें, तें येथेंहि लागू आहे. चष्मे शंभर वाटले असें अहवाल म्हणतो. चष्मेवाल्याची पावती किती नगांची आहे हें पाहावें. सभेचें इतिवृत्त मिळाल्यास मंजूर ठरावांइतकेच नामंजूर ठरावहि उतरून घ्यावे.

संग्राहकांस एक सूचना तांतडीची आहे. १९९३ च्या सुमारास आलेले फॅक्सचे पुष्कळसे निरोप उष्णतेनें उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावरचे आहेत. मोडी कागद तीनशें वर्षें टिकला. हा कागद तीस वर्षांतच पांढरा पडूं लागतो. असा कागद हातीं येतांच उन्हांत अगर प्लास्टिकच्या पाकिटांत न ठेवतां प्रथम त्याची साध्या कागदावर नक्कल करून घ्यावी, व कोणत्या घरीं, कोणत्या बस्त्यांत मिळाला तें त्याच दिवशीं पाठीमागें पेन्सिलीनें लिहावें.