जपानी शिकायचंय? आधी हे गैरसमज दूर करा

कुणाला नोकरीसाठी जपानी शिकायची असते, कुणाला ॲनिमेच्या ओढीने. पण ऐकीव गोष्टींमुळे अनेक जण वर्गाला नाव घालण्याआधीच कच खातात.

गैरसमज: हजारो कांजी चिन्हे पाठ झाल्याशिवाय काही वाचता येत नाही.
वस्तुस्थिती: सुरुवात कांजीने होतच नाही. आधी हिरागाना, मग काताकाना. दोन्हींत मूळ अक्षरे प्रत्येकी 46. नित्यवापराच्या कांजी 2136 आहेत, हे खरे. पण त्यांतल्या 1026 शिकायला जपानी मुलांनाही प्राथमिक शाळेची सहा वर्षे लागतात. कांजी सुटी घोकू नका, शब्दातून शिका. 'निचियोबि' म्हणजे रविवार. त्यात पहिली आणि शेवटची कांजी एकच, सूर्याची. पण आधी ती 'निचि' वाचतात आणि शेवटी 'बि'.

गैरसमज: रोमन अक्षरांवर काम भागते.
वस्तुस्थिती: 'ओजिसान' म्हणजे काका आणि 'ओजीसान' म्हणजे आजोबा. रोमन अक्षरांत घाईने लिहिताना हा फरक हरवतो. पहिल्या आठवड्यापासून हिरागानातच लिहा.

गैरसमज: व्याकरण आपल्याला अगदीच परके.
वस्तुस्थिती: वाक्याची ठेवण मराठीसारखीच आहे. 'मिझु ओ नोमिमासु' यात आधी पाणी, मग कर्म दाखवणारा 'ओ' आणि शेवटी क्रियापद. 'तोक्यो नि' म्हणजे तोक्योला. नामांना लिंग नाही. 'नोमिमासु' हे रूप मी, तू, ती, ते सगळ्यांना चालते. अडखळायला होते ते मोजताना: कागदांना 'माइ', पेन्सिलींना 'होन', माणसांना 'निन'. तिथे पाठांतराला पर्याय नाही.

गैरसमज: ॲनिमे पाहून भाषा येते.
वस्तुस्थिती: कान तयार होतो, हा मोठा फायदा. पण तिथली पात्रे सर्रास वापरतात ते 'ओमाए' (तू) कचेरीत वरिष्ठांना म्हटले तर उद्धटपणा ठरतो. आधी 'देसु-मासु'ची सभ्य भाषा पक्की करा.

गैरसमज: एन 5 झाली की नोकरी पक्की.
वस्तुस्थिती: जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्यांत एन 5 सर्वांत खालची. शिवाय या परीक्षेत संभाषण आणि निबंधलेखन नसते, दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. त्यामुळे प्रमाणपत्र हाती असूनही तोंड उघडत नाही, असे होऊ शकते.

म्हणून पहिल्या धड्यापासून मोठ्याने वाचा, शिक्षकांशी मोडके का होईना, जपानीतच बोला. हिरागानाची पहिली ओळ आजच गिरवायला घ्या.