इंडिपेंडन्स रॉक

इंडिपेंडन्स रॉक (रूढ नाव आय-रॉक) हा मुंबईतील रॉक संगीताचा महोत्सव आहे. फरहाद वाडिया यांनी १९८६ मध्ये तो सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसाळ्यात, धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर तो अनेक वर्षे भरला. रॉक मशीन (१९९३ पासून इंडस क्रीड), पेंटाग्राम, परिक्रमा हे बँड येथे गाजले.

अशा मैफलीत बँडमागून बँड येतात. ड्रमसंच बहुधा सामाईक असतो. गिटारी ज्याच्या त्याच्या. ध्वनिचाचणी बहुधा उलट्या क्रमाने होते: अखेरच्या बँडची आधी, पहिल्याची शेवटी, म्हणजे मंच त्याच्यासाठी मांडलेलाच राहतो. नामवंत बँड शेवटी ठेवण्याची प्रथा आहे. रंगभवन मध्य रेल्वेच्या मुंबईतील अखेरच्या स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर असल्याने ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या श्रोत्यांना ते सोयीचे होते. मात्र उशीर झाल्यास शेवटचे गाणे की शेवटची लोकल, हा प्रश्न त्यांनाच पडे.

रंगभवनाच्या परिसरात कामा व गोकुळदास तेजपाल ही रुग्णालये आणि सेंट झेवियर्स महाविद्यालय आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरू शकते. तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, रात्रीची ४०. या मर्यादेत रॉक वाजवणे अशक्यच. रुग्णांची बाजू रास्त होती, परंतु स्वस्त व मध्यवर्ती असे दुसरे खुले सभागृह शहराने उभारले नाही. महोत्सव अन्यत्र हलला, पुढे खंडित झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये माझगावच्या बेव्ह्यू लॉन्सवर पुन्हा भरला.